धुळ्याचा चोर आणि माझी मिशी

आधी चहा ओता, आणि माझ्या नाकाखाली असं टकमक बघणं बंद करा! हो, काढली मिशी. नाही, घरात कोणी गेलेलं नाही. सकाळपासून सात जणांनी विचारलं, "भाऊ, कोण वारलं?" आठव्याला मी म्हटलं, "माझी अब्रू वारली, दहाव्याला या." तो बिचारा खरंच वेळ विचारायला लागला.

आता सांगतो, पण मध्ये कोणी बोलायचं नाही. मध्ये कोणी बोललं की माझं डोकं फिरतं, आणि या सगळ्या शोभेचं मूळही तेच आहे. ते ओघाने येईलच.

आमच्या कांतिशेठची केळीची पेढी. माल रावेर-यावलचा, मुख्य ऑफिस जळगावला, दुसरं धुळ्याला हायवेच्या कडेला. गाड्यांची यादी माझ्याकडे. आज कोणत्या मळ्यात कापणी, कोणती गाडी किती वाजता भरायची, कोणती कुठे पाठवायची, हे बावीस वर्षं मी ठरवतोय. घड एकदा झाडावरून उतरवला की तो कोणाच्या बापासाठी थांबत नाही. म्हणून मीही थांबत नाही. याला लोक तापटपणा म्हणतात. म्हणोत!

तर गेल्या वर्षी शेठजींनी ऑफिसात ते नवीन खूळ आणलं. एके सोमवारी येऊन बघतो तो माझ्या टेबलाखालचा कॉम्प्युटर गायब! माझा कॉम्प्युटर! उन्हाळ्यात ज्याला मी स्वतःच्या हाताने टेबल फॅन लावायचो, तो. त्याच्या जागी पोह्यांच्या डब्याएवढं एक काळं खोकं.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"भाऊ, आता तुमचा कॉम्प्युटर टेबलावर नाही. तो आत सर्व्हरमध्ये आहे. तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचे. या खोक्यातून फक्त तो दिसतो."

हे बोलल्या त्या वैशालीताई. भुसावळच्या इंजिनिअर, चाळिशीच्या, शांत. इतक्या शांत की बघूनच राग यावा. डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन म्हणतात म्हणे याला. गाड्यांच्या यादीचं सॉफ्टवेअरही तिकडेच. फायदा काय? तर तुम्ही जळगावात बसा, धुळ्यात बसा, कुठल्याही खोक्यात तुमचं नाव आणि पासवर्ड टाका, तुमचा कॉम्प्युटर जसा सोडला होता तसाच्या तसा समोर हजर. अर्धं वाक्य जळगावला लिहा, उरलेलं धुळ्याला.

"आणि दोन ठिकाणी एकदम उघडला तर?" मी मुद्दाम खोडा घातला.

"तसं होत नाही भाऊ. एका माणसाचा एकच. दुसरीकडे उघडलात की पहिल्या ठिकाणचा बंद होतो. म्हणूनच सांगते, पासवर्ड कोणाला..."

"बरं बरं, कळलं!" मी म्हटलं. कारण तेवढ्यात सावद्याहून फोन आला होता.

बघा, पहिलं वाक्य मी तिथेच तोडलं. मोजत राहा.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या दारात तोंड बघून हजेरी लावणारं यंत्रही बसलं. त्याच्यासमोर उभं राहायचं, तोंड दाखवायचं, मग दार उघडतं. कपाळाला गंध जरा जास्त लागलं तरी म्हणतं, "ओळख पटली नाही." आमचे वॉचमन रामदासआबा रोज पूजेहून येतात, ते पहिले आठ दिवस दाराबाहेरच राहिले. वॉचमनच बाहेर! मी त्या यंत्राला ज्या शिव्या दिल्या त्या मोजल्या तर एक ट्रक भरेल.

आता अक्कांचं सांगतो. सुशीलाअक्का, आमच्या धुळ्याच्या ऑफिसातल्या. एकतीस वर्षांची नोकरी, म्हणजे माझ्याहून नऊ वर्षं जुन्या. गाडी निघाली की ती पोहोचेपर्यंत कुठे आहे, का थांबली, ड्रायव्हर जेवला का, सगळी नोंद अक्कांची. बोलणं अस्सल अहिराणी. मी रागावून फोन केला की आधी विचारतात, "भाऊ, जेवनात का?" राग तिथेच पंक्चर. साऱ्या पेढीत मला गप्प करणारं ते एकच माणूस.

दोन महिन्यांपूर्वी धुळ्यालाही ती खोकी बसली; मी गेलो तर अक्का रिकाम्या खोक्यासमोर हात बांधून बसलेल्या. म्हणाल्या, "माले पासवर्डच नही येल भाऊ. आठ दिन लागतीन म्हने."

आठ दिवस! माझ्या मस्तकाची शीर उठली. वैशालीताईंना तिथूनच फोन लावला. "आठ दिवस? केळी आठ दिवस थांबतात का हो?" आणि त्या काही सांगायच्या आत फोन आपटला. कागद फाडला, त्यावर माझं नाव आणि माझा पासवर्ड लिहिला आणि अक्कांच्या हातात दिला. "घ्या अक्का. माझंच वापरा. आपल्या घरचंच आहे."

यात काय चुकलं? तुम्हीच सांगा! आमच्याकडे शेजारी मोटारसायकल मागायला आला तर आपण काय म्हणतो, आठ दिवसांनी ये? किल्ली देतो की नाही? पाण्याचा कॅन भरून देतो, जनरेटर देतो, लग्नाला सतरंज्या देतो. पासवर्ड म्हणजे काय मोठी सोन्याची लगड?

दिला आणि विसरलो. दिलेलं लक्षात ठेवायचं नसतं असं आमचे वडील म्हणायचे. वडिलांना कॉम्प्युटर माहीत नव्हता.

यानंतर सहाएक आठवडे सगळं सुरळीत. आणि मग एका सकाळी, रावेरच्या चार गाड्यांची यादी टाकत असताना, टप्प! स्क्रीन गेली. पाटी आली: 'तुमचा डेस्कटॉप दुसऱ्या ठिकाणी उघडला आहे.'

दुसऱ्या ठिकाणी? मी तर इथे बसलोय! पुन्हा पासवर्ड टाकला. आला. दोन ओळी टाकल्या. टप्प! पुन्हा गेला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. पुन्हा गेला. अर्धा तास मी आणि कोणी अदृश्य माणूस, एकच पाटी दोन पोरांनी ओढावी तसे, माझाच कॉम्प्युटर ओढत होतो. तिकडे रावेरला गाड्या उभ्या, ड्रायव्हर फोनवर फोन करतायत, आणि मी इथे कपाळावरचा घाम पुसतोय.

चोर! दुसरं काय? आमच्या गाड्यांची यादी हवी असणारे या धंद्यात काय कमी आहेत?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी काय केलं, कोरी नोट उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कोण रे तू?' आणि मुद्दाम हात काढून बसलो. टप्प, गेला. दहा मिनिटांनी मी परत ओढला तर खाली उत्तर!

'तू कोन शे? निंघ आठेन!'

माझ्याच कॉम्प्युटरमध्ये मलाच म्हणतो, इथून निघ! अंगाचा तिळपापड झाला. अहिराणीत लिहितोय म्हणजे धुळ्याकडचाच. मी लिहिलं: 'बिनडोक माणसा, हा माझा कॉम्प्युटर आहे.'

उत्तर: 'तुन्हा नही. ज्याना शे त्याले मी वळखस.'

ज्याचा आहे त्याला मी ओळखतो म्हणे! उद्दामपणा बघा! मी लिहिलं: 'अरे गाढवा, मीच प्रभाकर!'

आणि त्यावर आलेलं उत्तर वाचून मी खुर्चीतून उभा राहिलो.

'खोटं नको बोलू. प्रभाकरभाऊ असा वंगाळ बोलत नही. तो देवमानूस शे.'

माझी टिंगल! चोरी करून वर माझं कौतुक! एवढा टोमणा मला उभ्या आयुष्यात कोणी मारला नव्हता. मग मीही सोडलं नाही. चार दिवस ते चाललं. मी लिहायचो, तो लिहायचा. मी काय काय लिहिलं ते सांगणार नाही. पुढे दुसऱ्यांनीच सांगितलं, सगळ्यांदेखत.

वैशालीताईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे दोन बटणं दाबली. "भाऊ, धुळ्याहून उघडतंय. नकाशात तीन नंबरचं टेबल आहे. तिथे कोण बसतं ते मला माहीत नाही. पण भाऊ, तुम्ही पासवर्ड कोणाला..."

"मी?" मी गरजलो. "मी बावीस वर्षं गाड्यांची यादी बायकोला दाखवली नाही, आणि पासवर्ड देईन?"

दोन. मोजताय ना?

"बरं, मग आधी पासवर्ड बदला," त्या म्हणाल्या.

बदलला. त्या बयेच्या अटी किती! एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक वाकडंतिकडं चिन्ह हवं. शेवटी आमच्या जुन्या बैलाचं नाव, पुढे त्याला आणला ते साल, पुढे ते जाळीसारखं चिन्ह. म्हटलं, घे आता चोरा!

त्या दिवशी मला चाळीस तरी फोन आले. निंभोऱ्याला गाडीचं टायर गेलं, यावलला मजूर उशिरा आले, एका शेतकऱ्याने ऐनवेळी उद्या या म्हणून सांगितलं. त्यातच अक्कांचाही येऊन गेला. "भाऊ, ते कागदवरनं चालत नही आते." मी एका कानाला टायरवाला धरलेला, म्हटलं, "अक्का, बदललंय ते, घ्या लिहून." बैल सांगितला, साल सांगितलं, जाळी सांगितली. अक्का म्हणाल्या, "भाऊ, माले बी एक सांगनं शे, तुमना कॉम्प्युटरमा..." मी म्हटलं, "नंतर अक्का, नंतर!" फोन ठेवला. चाळिसातला एक.

तुम्ही हसताय. हसा! मला त्या वेळी काही वाटलं नाही. हात आपोआप खिशात जाऊन कोणाला सुपारी काढून देतो, तसा तोंडातून पासवर्ड गेला.

दुसऱ्या सकाळी चोर पुन्हा हजर! नवीन पासवर्ड असूनही! माझं रक्त उकळलं. मी तडक शेठजींच्या केबिनमध्ये. वैशालीताईंनाही बोलावलं. म्हटलं, "शेठजी, यांच्या या डबड्यात दम नाही. काल बदललेलं कुलूप आज उघडलं! आणि चोर आपल्या धुळ्याच्या ऑफिसातच बसलाय."

शेठजी गादीवरून न हलता म्हणाले, "प्रभाकरजी, धुळ्यात आपली सगळी जुनी माणसं आहेत."

"जुनी असली म्हणून काय झालं? जो सापडेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवा! किती वर्षं झाली बघायचं नाही, निरोप नाही, हार नाही, नारळ नाही!"

"आणि धुळ्यात चोर निघालाच नाही तर?"

"तर ही मिशी काढून तुमच्या टेबलावर ठेवीन!"

बोललो. वैशालीताई साक्षीला. बावीस वर्षांची, दोन्ही टोकांना वर वळलेली मिशी. शेठजींनी दोन क्षण तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. सापडला की घरी. मी शब्द देतो." शेठजी शब्द फार देत नाहीत. दिला की फिरवत नाहीत.

बाहेर येऊन मी अक्कांना फोन लावला. धुळ्यात विश्वासाचं तेवढंच माणूस ना! "अक्का, तुमच्या ऑफिसात चोर आहे. तीन नंबरच्या टेबलावर कोण बसतं?"

"आमना आठे टेबलले नंबर नही भाऊ. पन चोर शे हाई खरं! मी सोता..."

"कोणाला बोलू नका. मी उद्या येतोय. शेठजींनी शब्द दिलाय, जो असेल तो उद्याच घरी!"

"बरं व्हयनं," अक्का म्हणाल्या. "मी भरीत करी ठेवस."

अक्कांचं वाक्य मी दोनदा तोडलं, वैशालीताईंचं दोनदा. हिशोब पूर्ण झाला.

आणि हेही सांगून ठेवतो. त्याच शनिवारी अक्कांची सेवानिवृत्ती होती. धुळ्याच्या ऑफिसात कार्यक्रम, शेठजी जातीने येणार, शालीची निवड झालेली, आणि भाषण माझं. एकतीस वर्षं त्या बाईने दुसऱ्यांच्या गाड्या सुखरूप पोहोचवल्या, एक दिवस तिच्यासाठी सगळे येणार होते. मी गुरुवारी धुळ्याला निघालो तेव्हा खिशात त्या भाषणाचा कागद होता. डोक्यात चोर.

सापळा असा ठरला. मी धुळ्याच्या ऑफिसात जाऊन उभा राहायचं. शेठजी फोनवर. वैशालीताईंनी जळगावहून माझ्या नावाने कॉम्प्युटर ओढायचा. इकडे ज्याची स्क्रीन जाईल, जो दचकेल, तो चोर.

एरंडोल, पारोळा मागे टाकत अकराला पोहोचलो. अक्का हसून म्हणाल्या, "या भाऊ, डबा आनेल शे." मी डोळ्यांनीच खुणावलं, आत्ता नाही. शेठजींचा फोन चालू करून स्पीकरवर टाकला, खिडकीत ठेवला, आणि खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. सहा टेबलं, सहा माणसं. एकेकाच्या पाठीकडे बघत मनात म्हटलं, आज तुझं काही खरं नाही बेट्या.

"ओढा!" मी म्हटलं.

पाच माणसं आपापलं काम करत राहिली.

सहाव्या टेबलावरून आवाज आला, "वना का रे मुडदा परत!" मुडदा परत आला म्हणे!

अक्का! अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चश्मा नाकावर ढकलत, एका बोटाने कीबोर्ड बडवत होत्या. माझ्या बैलाचं नाव, साल, जाळी. स्क्रीन उजळली. मागे आमच्या यावलच्या मळ्याचा फोटो. माझा मळा!

मी शेजारचं टेबल घट्ट धरलं.

"भाऊ!" अक्का वळून आनंदाने ओरडल्या. "बरं व्हयनं तुम्ही उनात! हाऊ दखा, हाऊच तो चोर! आठ दिनपासून तुमना कॉम्प्युटरमा घुसस. मी त्याले टिकू नही दिधं!"

"अक्का..." मी हात वर केला.

"तुम्हले सांगनार व्हतू, पन तुम्ही आयकतस कुठे! आनि बीपी वाढी तुमना. म्हनीसन मीच लढनू. त्यानं बठ्ठं लिखी ठेयेल शे, पुरावा म्हनून. वाची दखाडू का?"

"नको अक्का! नको!"

पण ते सगळं लिहून ठेवलेली वही त्यांनी ड्रॉवरमधून काढलीही होती. आणि वाचायला सुरुवात केली. सगळ्या ऑफिससमोर. शेठजी स्पीकरवर.

"शुक्रवार. 'बिनडोक मानसा.' शनिवार. 'गाढवा. तुझ्या खानदानात कोणी शाळा पाहिली आहे का?' सोमवार. 'तुझ्यासारख्या ढेकणाला उन्हात टाकायला पाहिजे.' आनि हाई आयका भाऊ, बेसरमपना! म्हने, 'मीच प्रभाकर!'" अक्का चश्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कोनी जल्म दिधा व्हई अशा वंगाळ मानूसले?"

माझ्या आईने, अक्का. यावल तालुक्यात.

फोनमधून शेठजींचा आवाज आला, "प्रभाकरजी, सापडला का चोर?"

अक्कांच्या कीबोर्डखालून एका कागदाचं टोक बाहेर आलेलं. मी ओढून बघितलं. माझं अक्षर. माझं नाव. जुना पासवर्ड खोडून त्याखाली अक्कांच्या अक्षरात नवा.

"प्रभाकरजी?"

खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मनात आलंच की फोन बंद करावा. म्हणावं, रेंज नव्हती. पण 'सापडला की घरी' हा शब्द शेठजींचा होता आणि तो मीच काढून घेतला होता. दोन दिवसांवर अक्कांची शाल. आणि त्यांच्या टेबलावर माझ्यासाठी आणलेला तो डबा, भरताचा वास येत असलेला.

"शेठजी, सापडला," मी म्हटलं. "मीच आहे. अक्कांना पासवर्ड मी दिला. दोनदा दिला."

"दोनदा?"

"बदलल्यावर फोनवरून पुन्हा."

तिकडून वैशालीताईंचा शांत आवाज आला. "पण भाऊ, अक्कांचा स्वतःचा पासवर्ड तर आठव्या दिवशीच तयार झाला होता. त्यांना द्या म्हणून मी तुम्हाला मेल पाठवलाय. तीन वेळा."

मी त्यांचे मेल वाचत नाही. रागाने. आता तुम्हाला आणखी काय सांगायचं?

मग सगळं उलगडलं. सहा आठवडे अक्का माझ्या जेवणाच्या सुटीत, माझा कॉम्प्युटर मोकळा असताना, आपलं काम उरकायच्या. मला त्रास नको म्हणून. पण शनिवारी निवृत्ती, त्याआधी सगळ्या नोंदी पूर्ण करून द्यायच्या, म्हणून गेल्या आठवड्यापासून सकाळीच बसायला लागल्या. आणि मला चोर सापडला.

अक्कांनी वहीकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचा तो विजय हळूहळू उतरला.

"म्हंजे हाई बठ्ठं माले तुम्ही लिखं व्हतं?"

मी मान खाली घातली. मला आयुष्यात खूप राग आलाय, पण इतका राग स्वतःचा कधी आला नव्हता. ढेकूण मी, बिनडोक मी, आणि ही बाई चार दिवस माझ्या शिव्या खात माझीच राखण करत होती. मला देवमाणूस म्हणत होती, आणि मी त्यावर तिला शिव्या देत होतो!

"एकतीस वरीसमा," अक्का म्हणाल्या, "माले कोनी 'अय' बी नही म्हनं."

"चुकलो अक्का."

त्यांनी वही मिटली, ड्रॉवरमध्ये टाकली, डबा उघडला. "बसा. जेवी ल्या. भरीत थंडं व्हई राहिनं."

ते भरीत माझ्या घशाखाली उतरलं नाही असं सांगितलं तर छान वाटेल. पण उतरलं. दोन पुऱ्या जास्तच खाल्ल्या. माणूस किती निर्लज्ज असू शकतो बघा!

शेठजींचा फोन अजून चालूच होता. त्यातून आवाज आला, "प्रभाकरजी, जेवण झालं की न्हाव्याकडे जाऊन या. धुळ्यात चोर निघाला नाही, तेव्हा तुमचा शब्द तुम्ही पाळा. माझा शब्द धुळ्याच्या चोरापुरता होता, आणि तुम्हाला घरी पाठवलं तर गाड्या कोण बघणार?"

धुळ्याच्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन तीनदा विचारलं, "साहेब, पक्कं ना?" मी त्याच्यावरही ओरडलो. बावीस वर्षं दोन मिनिटांत खाली. वर तो म्हणतो कसा, "आता तुम्ही रागावल्यासारखे वाटत नाही साहेब." मिशी कागदात बांधून घेतली, कार्यक्रमापर्यंत धुळ्यालाच राहिलो, आणि शेठजी आले तेव्हा तिथल्याच टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती पेपरवेटखाली सरकवली.

शनिवारी कार्यक्रम झाला. शाल, नारळ, हार, सगळं. भाषणाचा कागद मी खिशातून काढलाच नाही. उभा राहून झालेली सगळी गोष्ट सांगितली, शिव्यांसकट. लोक पोट धरून हसले. अक्काही हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि मग त्याच पदराने डोळे पुसले. निघताना त्यांनी तो कागद, माझ्या पासवर्डचा, माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "आते कोनले देऊ नका भाऊ."

मी शपथ घेतली. देवाशप्पथ घेतली! यापुढे माझं ते माझं. ज्याचं त्याने वापरायचं. वैशालीताईंचे तिन्ही मेल वाचले. पासवर्ड बदलला, तो बायकोलाही सांगितला नाही, लिहूनही ठेवला नाही.

आणि आज, सोमवारी सकाळी, जळगावच्या ऑफिसात गेलो.

दारातल्या यंत्रासमोर उभा राहिलो. तोंड दाखवलं. यंत्राने बघितलं. लाल दिवा. 'ओळख पटली नाही.' डावीकडून दाखवलं, उजवीकडून दाखवलं, हसून दाखवलं. 'ओळख पटली नाही.' दोन महिने धुळ्याच्या अक्का बिनधास्त माझ्या नावाने आत जात होत्या, आणि आज मी खुद्द उभा आहे तर ओळख पटत नाही! रावेरला तीन गाड्या भरायला उभ्या. वैशालीताई येणार दहाला. मी दारावर लाथ मारायच्या बेतात.

तेवढ्यात मागून रामदासआबा आले. गंध पुसून. मला बाजूला सरकवत म्हणाले, "अहो भाऊ, कशाला डोकं तापवताय? थांबा. माझं तोंड दाखवतो. आपल्या घरचंच आहे."

दिवा हिरवा. दार उघडलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, नको आबा, ज्याचं त्याने वापरायचं.

मी घाईत होतो. मुकाट्याने त्यांच्या मागून आत शिरलो, खुर्चीत बसलो, आणि दुपारी मला हजेरीची चिठ्ठी आली. रामदासआबा, हजर. प्रभाकर, गैरहजर.